वाहक कोण, रुग्ण कोण

‘सिकलसेल’ हा शब्द ऐकला नाही असा माणूस विदर्भात सापडणं कठीण. नागपूरच्या मेयोच्या आणि मेडिकलच्या ओपीडीत, भंडाऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, गडचिरोलीच्या आश्रमशाळेत, लग्नाच्या बैठकीत, सगळीकडे तो कानावर पडतो. ‘तिला सिकलसेल आहे’ एवढं म्हटलं की बोलणाऱ्याचं काम होतं आणि ऐकणारा आपापल्या परीने अर्थ लावतो. पण या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका अर्थाने ती मुलगी ठणठणीत आहे, तिला कसलंही औषध नको, फक्त जोडीदाराची रक्ततपासणी झालेली हवी. दुसऱ्या अर्थाने तिला जन्मभर नियमित उपचारांची गरज आहे आणि ते वेळेवर न मिळाले तर जिवावर बेतू शकतं. पहिली वाहक, दुसरी रुग्ण. तपासणीच्या कागदावर पहिलीपुढे ‘एएस’ लिहिलेलं असतं, दुसरीपुढे ‘एसएस’.

आशा कार्यकर्त्या, शिक्षक, महाविद्यालयीन मुलंमुली आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे ती कुटुंबं यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. तिच्या पानोपानी हा फरक भेटेल. काहींना ती पुनरुक्ती वाटेल, पण ती जाणूनबुजून ठेवली आहे, कारण या एका गफलतीपायी आपल्या भागात जेवढं नुकसान होतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल.

सुरुवात पेशीपासून करू. निरोगी लाल पेशी म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध चेपलेली चकती, व्यास साधारण 7 ते 8 मायक्रॉन. तिच्यात केंद्रक नसतं. जवळजवळ सगळी जागा हीमोग्लोबिनने व्यापलेली असते; एका पेशीत त्याचे सुमारे 27 कोटी रेणू असतात. आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही ती अंग दुमडून पार होते आणि साधारण 120 दिवस ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम करते. हीमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं ओळीने गुंफलेली असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलं की हीमोग्लोबिन ‘ए’चं हीमोग्लोबिन ‘एस’ होतं. सगळा बदल एवढाच.

ऑक्सिजन धरलेला असतो तोवर ‘एस’चं वागणं ‘ए’पेक्षा फारसं वेगळं नसतं. ऑक्सिजन देऊन झाला की मात्र ‘एस’चे रेणू एकमेकांना चिकटत जातात, त्यांचे लांब, ताठ तंतू बनतात आणि पेशी आतून ताणली जाऊन विळ्याचा आकार घेते. फुफ्फुसात परतून ऑक्सिजन मिळाला की तंतू विरघळतात आणि पेशी पूर्ववत होते. हे वारंवार घडलं की पेशीचं आवरण कायमचं बिघडतं, मग ऑक्सिजन मिळूनही ती सरळ होत नाही. अशा पेशी 10 ते 20 दिवसांत फुटतात. नव्या पेशी तेवढ्या वेगाने तयार होऊ शकत नाहीत म्हणून रक्त कमी होतं, फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे दिसतात. ताठर पेशी बारीक वाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त पोचत नाही आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. आजाराची बहुतेक सगळी लक्षणं या दोन गोष्टींतून निघतात, पेशी फुटणं आणि पेशी अडकणं.

आता वाहक. प्रत्येकाला बीटा साखळीचं एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतं. दोन्ही ‘एस’ आले तर एसएस. एक ‘ए’ आणि एक ‘एस’ आला तर एएस. इथे एक गैरसमज सुशिक्षितांतही भेटतो, की वाहकाच्या अर्ध्या लाल पेशी चांगल्या असतात आणि अर्ध्या विळ्यासारख्या. तसं नाही. वाहकाच्या प्रत्येक लाल पेशीत दोन्ही प्रकारचं हीमोग्लोबिन असतं. ‘ए’ जास्त आणि ‘एस’ कमी, बहुधा 35 ते 40 टक्के. सोबतचा ‘ए’ तंतूंच्या वाढीत आडवा येतो, त्यामुळे रोजच्या जगण्यात, कष्टाच्या कामातही, त्याच्या पेशी विळ्याचा आकार घेत नाहीत. वाहकाचं आयुर्मान इतरांएवढंच असतं. अतिउंचीवर किंवा शरीरातलं पाणी फार कमी असताना कमालीचे श्रम झाले तर क्वचित त्रास होऊ शकतो, काहींच्या लघवीतून कधी रक्त जातं. या गोष्टी डॉक्टरांना ठाऊक असाव्यात एवढ्यापुरत्याच आहेत. आणि वाहकाचा पुढे कधी रुग्ण होत नाही. जन्मताना एएस असलेला माणूस मरेपर्यंत एएसच राहतो.

हा भेद विज्ञानाला फार उशिरा कळला असंही नाही. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तातल्या लांबट, विळ्यासारख्या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. 1922 मध्ये व्हर्न मेसन यांनी आजाराला आज रूढ असलेलं नाव दिलं. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रात हीमोग्लोबिन सरकवून पाहिलं. रुग्णाचं हीमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकलं, निरोगी माणसाचं वेगळ्या, आणि वाहकाच्या नमुन्यात दोन्ही एकत्र सापडली. त्याच वर्षी जेम्स नील यांनी आनुवंशिकतेच्या अंगाने तेच सांगितलं, की एक जनुक असेल तर वाहक, दोन असतील तर रुग्ण. सहाव्या जागेवरचा बदल व्हर्नन इन्ग्राम यांनी 1957 पर्यंत नक्की शोधून काढला.

भारतात हे हीमोग्लोबिन पहिल्यांदा सापडलं 1952 मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत. त्यानंतर लवकरच, 1958 साली, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारताविषयीचा लेख आला. नागपूर परिसराचं नाव या विषयात कायमचं नोंदलं गेलं ते तेव्हा. त्या लेखाच्या शीर्षकात आजार नाही, ‘ट्रेट’ आहे, म्हणजे वाहकाची अवस्था. आपल्याकडच्या या विषयाच्या इतिहासाचं पहिलं पानच वाहकाबद्दलचं आहे, आणि तोच वाहक पुढे लोकांच्या बोलण्यात रुग्णाच्या रांगेत जाऊन बसला, याची मला फार खंत वाटते.

तो तिथे कसा गेला हे पाहायचं तर गावातली तपासणी पाहावी लागते. शिबिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. काचेच्या छोट्या नळीत तयार द्रावण असतं. बोटाला सुई टोचून काढलेलं थोडंसं रक्त त्यात मिसळतात आणि काही मिनिटं थांबतात. मग नळी काळ्या रेघा असलेल्या कागदापुढे धरतात. द्रावणातून रेघा स्पष्ट दिसल्या तर ‘एस’ नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर ‘एस’ आहे. चाचणी स्वस्त आहे, झटपट होते आणि हजारो लोकांतून कुणाला पुढे पाठवायचं हे ठरवायला उत्तम आहे. पण गढूळपणा एएसचाही असतो आणि एसएसचाही. ही चाचणी दोघांत फरक करू शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती फसवीही ठरते, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भावस्थेतलं हीमोग्लोबिन ‘एफ’ भरपूर असतं.

अशा वेळी वहीत ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं जातं. दुसरी, पक्की तपासणी व्हायला दिवस लागतात. तोवर घरी, शेजारी, शाळेत ‘पॉझिटिव्ह’ पोचलेलं असतं. ज्याने एड्सच्या आणि करोनाच्या काळात हा शब्द ऐकला आहे त्याला तो काय सांगतो हे वेगळं समजवावं लागत नाही. पुढे पक्क्या तपासणीत एएस निघालं तरी मनात बसलेला शब्द सहज निघत नाही. म्हणून आशाताईंना माझी विनंती आहे की पहिल्या चाचणीनंतर ‘पॉझिटिव्ह’ म्हणू नका, ‘पुढची तपासणी करायची आहे’ असं म्हणा.

पक्की तपासणी म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. ‘पॅटर्न’ हा आपल्याकडे रूढ झालेला शब्द इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर उमटणाऱ्या रेषांच्या मांडणीवरून आला. ‘माझा एएस पॅटर्न आहे’ असं नागपुरात रिक्षावालाही सांगू शकतो. माझ्या मते ही या शहराने कमावलेली मोठी गोष्ट आहे आणि ‘सिकलसेल आहे’ म्हणण्यापेक्षा असं बोलण्याची सवय सगळीकडे लागायला हवी. एचपीएलसीच्या कागदावर टक्केवारी असते. ‘ए’ जास्त, ‘एस’ 40च्या आत आणि ‘ए2’ साधारण असेल तर वाहक. ‘ए’ जवळजवळ नाही, ‘एस’ 70-80च्या घरात आणि उरलेल्यात ‘एफ’ असेल तर रुग्ण. मात्र ‘एस’चं प्रमाण ‘ए’पेक्षा जास्त दिसलं तर थांबायचं. मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर दात्याचा ‘ए’ मिसळून एसएसचा माणूस एएससारखा भासू शकतो. रक्त चढवलेलं नसेल तर सिकल-बीटा थॅलेसेमियाची शंका घ्यायची.

हे शेवटचं नीट समजून घ्यायला हवं. नवरा सिकलचा वाहक आणि बायको थॅलेसेमियाची वाहक असेल तर तिची सोल्युबिलिटी चाचणी स्वच्छ येते, रेघा लख्ख दिसतात. दोघांना वाटतं, एकालाच आहे, काळजी नाही. पण त्यांच्या प्रत्येक बाळाला हे दोन्ही दोष एकत्र मिळण्याची शक्यता चारात एक असते आणि तो आजार अनेकदा एसएसएवढाच त्रास देतो. म्हणून एका जोडीदाराचा ‘एस’ सापडला असेल तर दुसऱ्याची एचपीएलसीच करायची, नुसत्या नळीवर समाधान मानायचं नाही.

वाहकाला रुग्ण समजल्याने होणारं एक नुकसान तर डोळ्यांदेखत होतं, तरी त्याची चर्चा होत नाही. गरोदर बाईचं हीमोग्लोबिन 7 किंवा 8 निघालं, चेहरा पांढुरका, चालताना धाप. कार्डावर एएस. घरातलं कुणी, कधी दवाखान्यातलंही कुणी म्हणतं, ‘तिला सिकलसेल आहे ना, रक्त कमी असणारच.’ इथे बाई अडकते. एएसमुळे रक्त कमी होत नाही. तिचं रक्त कमी आहे ते बहुधा लोहाच्या अभावाने, म्हणजे शेवटी उरलेलं जेवणाऱ्या हजारो बायकांचं होतं त्याच कारणाने. तिला लोहाच्या गोळ्या हव्यात, जंताचं औषध हवं, ताटात भाजी-डाळ हवी. एसएसच्या रुग्णाचं उलट असतं. त्याला फॉलिक ॲसिड रोज लागतं, पण लोह तपासणीत कमी दिसल्याशिवाय देऊ नये, कारण वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात ते आधीच साठलेलं असतं.

आणि लग्न. ‘जन्मपत्रिकेऐवजी रक्तपत्रिका जुळवा’ ही घोषणा आपल्याकडे बरीच वर्षं ऐकू येते. तिचा हेतू चांगला आहे, परिणाम मात्र एकसारखा चांगला झालेला नाही. रक्तपत्रिका जुळवणं म्हणजे दोघांचीही तपासणी करून पाहणं. प्रत्यक्षात अनेकदा एकट्या मुलीची तपासणी होते आणि एएस निघाला की स्थळ परत जातं, मुलाचं रक्त कुणी तपासतच नाही. तो एए असेल तर त्यांच्या एकाही मुलाला आजार होणार नाही. फार तर काही मुलं आईसारखी वाहक होतील. दोघेही एएस असतील तरच प्रत्येक गर्भारपणात एसएसची शक्यता 25 टक्के, एएसची 50 आणि एएची 25. त्यांनीही लग्न करावं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. केलं तर गर्भारपणाच्या 10 ते 12 आठवड्यांच्या सुमारास गर्भाची जनुकीय तपासणी करता येते. ती करायची की नाही, आणि पुढे काय, हेही त्या दोघांनीच ठरवायचं.

‘चारात एक’ हा आकडा घरोघरी कसा वाचला जातो तेही सांगायला हवं. पहिलं मूल एसएस झालं की लोक म्हणतात, चला, एक झालं, आता पुढची तीन चांगली. आकडा असा हिशेबाने वाटला जात नाही. प्रत्येक गर्भारपणात शक्यता पुन्हा तेवढीच असते, आधीच्या मुलांचं काय झालं याच्याशी तिचा संबंध नाही. या भागात अशी घरं आहेत जिथे दोन भावंडं एसएस आहेत, आणि दुसऱ्याच्या वेळी आईबापांना हा हिशेब कुणी समजावून दिलेला नव्हता.

आपल्याच भागात हे इतकं का, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. त्याचं उत्तर मलेरियात आहे. अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की एएस असलेल्या बालकांना फॅल्सिपॅरम मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. जंगलाच्या, हिवतापाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वाहक मुलं जास्त जगली आणि जनुक टिकलं. जातीतल्या जातीत लग्नं होत राहिली, म्हणून ते काही समाजांत साचलं. विदर्भात ते पूर्वाश्रमीच्या महार समाजात, म्हणजे आजच्या बौद्धांत, सापडतं. गोंड-परधानांत, तेली-कुणब्यांतही सापडतं. मेळघाटात, नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत आहे. याला अमुक समाजाचा आजार म्हणणारे अजून आहेत. त्यांना एवढंच सांगायचं आहे की हे जनुक ज्यांच्या अंगात आहे त्यांचे पूर्वज मलेरियाशी झुंजून तगलेले आहेत, आणि या गोष्टीत कमीपणा मानण्यासारखं काहीही नाही.

रुग्णांविषयी पुस्तिकेत बरंच आहे, म्हणून इथे थोडंच. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाचे हात-पाय अचानक सुजणं, हे अनेकदा पहिलं लक्षण असतं. ते मुरगळणं समजून चोळू नये. लहान मुलात पांथरी एकाएकी वाढली, पोट डावीकडे टणक लागलं आणि मूल पांढरंफटक पडलं तर तासाभराचाही उशीर चालत नाही. आईला बाळाची पांथरी हाताने चाचपायला शिकवता येते आणि ते शिकवायलाच हवं. ताप, अंगातलं पाणी कमी होणं, थंडी आणि अतिश्रम यांनी वेदनेचे झटके येतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45च्या वर जातो तेव्हा शाळकरी मुलाच्या दप्तरात पाण्याची मोठी बाटली आणि वर्गात बसल्या जागी पाणी प्यायची, हवं तेव्हा लघवीला जायची परवानगी, ही औषधाइतकीच महत्त्वाची आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री स्वेटर आणि पायमोजे.

औषधांत मोठा फरक पाडला हायड्रॉक्सियुरियाने. त्याने गर्भावस्थेतलं हीमोग्लोबिन ‘एफ’ वाढतं आणि ‘एफ’ असलेल्या पेशीत तंतू सहज बनत नाहीत. भारतीय रुग्णांत ‘एफ’ मुळात आफ्रिकी रुग्णांपेक्षा जास्त असतं, त्यावरून आपल्याकडचा आजार सौम्य असं पुष्कळ वर्षं मानलं गेलं. नागपूरच्या मुलांना पाहणाऱ्या डॉक्टरांचा अनुभव वेगळा होता. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या नवजात बालकांची तपासणी करून, त्यांना पुढे वर्षानुवर्षं पाहून हे नोंदवलं, आणि किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम अशा कमी, ठरावीक मात्रेतही हायड्रॉक्सियुरिया तीव्र आजाराच्या मुलांचे झटके कमी करतं हे 2012 साली प्रसिद्ध केलं. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि कमी तपासण्या. खेड्यातल्या कुटुंबाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. समाजाच्या बाजूने नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली; पुण्याकडून सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत अनेक दशकं काम केलं, त्यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. या माणसांनी पायाला भिंगरी लावून गावं पालथी घातली म्हणूनच आज शासनाच्या यंत्रणेला चालायला वाट आहे.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं त्याचं लक्ष्य आहे. इतक्या मोठ्या प्रमाणावर माणसं तपासली जातील तेव्हा रुग्णांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त वाहक सापडणार, हे सरळ गणित आहे. निर्मूलन म्हणजे वाहक संपवणं नव्हे. वाहक 2047 नंतरही असतील, आणि असायला कुणाची हरकत नसावी. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्येही सिकलसेल आजाराचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळतं ते रुग्णाला, वाहकाला नाही. कायद्याने पाळलेली ही रेषा तलाठी कार्यालयापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे पाळली गेली पाहिजे. वाहकाला सवलत मागायला पाठवू नका, आणि रुग्णाची हक्काची सवलत ‘आमच्याकडेही आहे सिकलसेल, काही होत नाही’ असं सांगून कुणी नाकारू नका.

पुस्तिकेत पहिलं प्रकरण रिपोर्ट वाचण्याचं आहे. एचपीएलसीचे सहा वेगवेगळे नमुने नावं काढून छापले आहेत. प्रत्येकाखाली आधी स्वतः उत्तर लिहून मग पान उलटावं. त्यातला एक नमुना रक्त चढवल्यानंतर दोन आठवड्यांनी घेतलेला आहे आणि तो वाचताना घाई करू नये. त्यानंतर वाहकांसाठीचं प्रकरण येतं, ते मुद्दाम छोटं ठेवलं आहे, कारण वाहकाला सांगण्यासारखं मुळात थोडंच असतं. बाकीची सगळी प्रकरणं रुग्णांची आणि त्यांना सांभाळणाऱ्यांची आहेत. बाळाची पांथरी कशी चाचपायची याची चित्रं चौथ्या प्रकरणात आहेत. आशाताईंनी ती घरी नेऊन आईच्या हातात द्यावीत आणि तिच्याकडून एकदा करून घ्यावं.